गळ्यातली प्रयाग

नवी साडी असो नाहीतर नुसता ब्लाऊजपीस, चंद्रप्रभाबाईंच्या अंगाला लागण्याआधी तो प्रयागला दाखवावा लागे. प्रयाग म्हणजे वसंतरावांची पहिली बायको. ती वारली आणि वर्षाच्या आत देवणीहून चंद्रप्रभा लग्न होऊन लातूरला आली. सासूनं मंगळसूत्रासोबत आणखी एक काळा दोरा तिच्या गळ्यात घातला. त्यात नखाएवढा चांदीचा टाक, टाकावर उभी एक बाई.

"ही तुझी सवत," सासू म्हणाली. "आधी हिचं, मग तुझं. एवढं पाळलंस की ती तुला काही करत न्हाई."

नव्या नवरीनं टाक उलटसुलट करून बघितला. सोनारानं बाईला हात दिले होते, पाय दिले होते, कपाळावर कुंकवाचा ठिपकाही दिला होता. छाती तेवढी सपाट ठेवली होती. सगळेच टाक असे सपाट असतात हे तिला ठाऊक होतं. पण प्रयाग कशानं गेली हेही ठाऊक होतं, म्हणून तिनं तो पटकन ब्लाऊजच्या आत सोडला.

तेव्हापासून नव्या साडीची घडी आधी टाकाला टेकवायची, हळदकुंकू वाहायचं, "नेस बाई" म्हणायचं आणि मग आपण नेसायची. चंद्रप्रभाबाईंची सगळी नोकरी कॉलेजच्या आवक-जावक विभागात गेली. कुठलाही कागद थेट साहेबाच्या टेबलावर जात नसतो, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यामुळं हा नियम त्यांना कधी जड गेला नाही. "आमच्या घरची मूळ प्रत प्रयागला जाते," त्या मैत्रिणींना सांगत, "मला मिळते ती झेरॉक्स." मैत्रिणी हसत. वसंतराव तिथं असले तर चष्मा पुसायला घेत.

गाठ लागली ती डाव्या बाजूला, टाक लोंबून जिथं टेकायचा नेमकी तिथं. अंघोळीचं पाणी अंगावर घेता घेता हात थांबला आणि त्याच वेळी बाईंना उदाचा वास आला. साबणाचा नाही, उदाचाच. त्यांच्या घरात ऊद कुणी लावत नसे. लावू देतच नसत.

त्याचं कारण मागच्या खोलीत होतं. प्रयागला गाठ आली तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी काढून टाका म्हणून सांगितलं होतं. वसंतराव तेव्हा तिशीतले, लातूरहून ये-जा करत निलंग्याच्या शाळेत गणित शिकवणारे. ते नको म्हणाले. बायकोचं अंग कापून घेणं त्यांना सोसवेना, का लोक काय म्हणतील हे सोसवेना, हे त्यांनाच ठाऊक. देगलूरकडच्या कुणा वैदूचा लेप सुरू झाला. गाठ फुटली. मग प्रयागला मागच्या खोलीत ठेवलं, आणि वास दाबायला नणंद सकाळ-संध्याकाळ धुपाटण्यात ऊद जाळत राहिली. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, वास भिंतीपलीकडं जातच होता. चंद्रप्रभाबाई आल्या तेव्हा खोलीला चुना मारून झाला होता. त्यांनी तिथं ज्वारीच्या कोठ्या ठेवल्या आणि कडी लावली.

आता इतक्या वर्षांनी, न्हाणीघरात, कडी न काढता तो वास बाहेर आला होता.

गाठीचा तुकडा तपासून झाला, आजाराचं नाव कळलं. पुढच्या तपासण्या नांदेडला करायच्या ठरल्या, कारण तिथं वैष्णवी होती. वैष्णवी ही प्रयागची मुलगी. आई गेली तेव्हा चार वर्षांची. चंद्रप्रभाबाईंच्या हातचं खाऊन आणि त्यांच्याच हातचा मार खाऊन मोठी झाली, बँकेत लागली, आणि आता दोघींच्या भांडणात तिसऱ्याला जागा नसे.

स्कॅनच्या खोलीबाहेर तिथल्या मुलीनं सांगितलं, "अंगावरचं सगळं काढा, आजी. मंगळसूत्र, जोडवी, तो काळा दोरा पण."

मंगळसूत्र पटकन निघालं. दोऱ्याची गाठ सुटेना. इतक्या वर्षांत दोरा जुना झाला की गळ्यातल्या गळ्यातच नवा ओवला जाई. टाक असा अंगावेगळा कधी झालाच नव्हता. शेवटी वैष्णवीनं दातानं गाठ सोडवली.

"हे कुणाजवळ देऊ?" तिनं विचारलं.

"ज्यांची आहे त्यांच्याजवळ दे," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्या तेव्हा वसंतराव खुर्चीवर मूठ मांडीवर ठेवून बसले होते. मूठ उघडताना बोटं अवघडली. तळव्यावर दोन हात, दोन पाय उमटले होते. बाईंनी टाक घेतला, दोरा पुन्हा बांधला, आणि मनात नोंद केली, की माणूस स्वतःच्या बायकोच्या रिपोर्टला इतकं घट्ट धरून बसत नाही.

डॉक्टर नाझनीन कॅन्सरच्या औषधोपचाराच्या डॉक्टर. बोलणं मऊ, पण आडपडदा नाही. त्यांनी घरातल्यांची माहिती विचारायला सुरुवात केली.

"घरात आधी कुणाला हा आजार?"

"हिला," म्हणत बाईंनी टाक बाहेर काढला.

डॉक्टर पुढं झुकल्या. "या कोण?"

"माझी सवत."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "म्हणजे रक्ताचं नातं नाही. मग ते धरत नाहीत, खाला."

तीस वर्षं गळ्यात बांधलेली बाई एका वाक्यात वजा झाली. चंद्रप्रभाबाईंना हसू आलं, आणि हसता हसता मानेवर काटाही. डॉक्टरांनी मग वैष्णवीकडं बघितलं. "टाकातली ती हिची आई," बाईंनी परस्पर सांगितलं, "म्हणजे मी पण आईच. हिशेब जरा गुंत्याचा आहे."

"हिशेब सोपा आहे," डॉक्टर वैष्णवीला म्हणाल्या. "तुमचं रक्ताचं नातं आहे. तुमचीही तपासणी करून घेऊ. आज नको, पण विसरू नका."

मग त्यांनी स्कॅन दाखवला. आजार मणक्यात आणि खुब्यात पोचला होता. काळ्या चित्रात ते ठिपके दूरच्या वस्तीतल्या दिव्यांसारखे दिसत होते. तो आता मुळासकट जाणार नाही. पण औषधानं आवरता येतो, काहींचा वर्षानुवर्षं. रोज गोळ्या, हाडांसाठी इंजेक्शन.

"आणि हे काढायचं?" वसंतरावांनी विचारलं. 'हे' म्हणताना त्यांनी खिडकीकडं बघितलं.

"आजार एवढाच असता तर मीच आधी काढा म्हटलं असतं. बाहेर पसरल्यावर गाठ काढल्यानं आयुष्य वाढतं असं दिसत नाही, सर. तपासून बघितलंय लोकांनी. उलट जखम भरेपर्यंत गोळ्या थांबवाव्या लागतात. त्रास झाला तर काढता येतं. पण आज घाई कशाची?"

वसंतरावांनी मान हलवली. वर्गात पोरगं मान हलवतं तशी. ऐकलं, पण उत्तर आधीच लिहून झालंय.

लातूरला परतल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. नारळपाणी आणणारे होते, ट्यूबलाइटशी बोलणारे होते. एक जण बाईंच्या डोळ्यांत बघत बोलायचा एवढा प्रयत्न करत होता की शेवटी बाईच म्हणाल्या, "बघा एकदा आणि मोकळे व्हा, दोन्ही जागेवर हायती." नणंद आली, तिला सगळे आक्का म्हणत. तिनं बाईंना जवळ घेतलं आणि खांद्याशी नाक नेऊन हळूच हुंगलं. आक्काला ते कळलंही नसेल. बाईंनी मात्र ते तिच्या नावावर मांडून ठेवलं.

त्या संध्याकाळी वसंतराव म्हणाले, "काढून टाकायचं. सर्वेशशी बोललोय."

सर्वेश त्यांचा विद्यार्थी. आता लातुरात सर्जन. पंचवीस माणसांसमोर सरांच्या पाया पडणारा.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलं न्हाई का तुमी?"

"ऐकलं. मूळ काढलं की फांद्या वाळतात. सर्वेश म्हणतो, करता येतं."

"करता येतं आणि करावं, यात फरक असतोय की. गणिताचे मास्तर ना तुमी?"

"एकोणतीस तारीख दिलीय त्यानं," वसंतराव म्हणाले. "त्याच दिवशी, सोमवारी सकाळी भरती व्हायचं."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत होतं, अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी. दरवर्षी त्या दिवशी या घरात प्रयागच्या नावानं सवाष्ण जेवायला बसे. स्वयंपाक बाईंनी करायचा, नवी साडी टाकाला टेकवायची, वाढायचं आणि वाकून नमस्कार करायचा.

"पितृपक्षात? नवमीला?"

"तसलं मी कधी मानलंय?" वसंतराव म्हणाले. "आणि तारीख माझी न्हाई, त्याची आहे."

आता खरं सांगायचं तर चंद्रप्रभाबाईंच्या मनातही काढून टाकावं असं निम्म्याहून जास्त होतं. न्हाणीघरातल्या आरशात त्या स्वतःला बघत. गाठीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली होती. हाडातलं दुखणं दिसत नव्हतं, म्हणून त्याचं एवढं भय नव्हतं. हे दिसत होतं. आणि जे दिसतं ते एक दिवस फुटतं, फुटलं की वास येतो, वास आला की मागची खोली. त्यांना मरणाचं भय होतंच, पण ते सगळ्यांना असतं. त्यांचं खास भय त्या खोलीचं होतं. कोठ्या बाहेर काढतील, चुना मारतील, खाट टाकतील. आणि आक्का धुपाटणं शोधेल.

वास आता रोज येई. ज्वारी काढायला गेलं की, साडी बदलताना, कधी कधी भर दुपारी ओसरीवर. बाई विचारत, "कुणी ऊद लावलाय का हो?" वसंतराव पेपरमधून मान वर न करता म्हणत, "न्हाई." एवढ्या लवकर म्हणत, की विचारणाऱ्याला संशय यावा.

वैष्णवीला फोन केला तर तिचंही तेच. "काढ आई. डॉक्टर काही म्हणू दे."

"कामून? तू तर शिकलेली."

वैष्णवी लहानपणीच्या आवाजात बोलली. "मला तिचा चेहरा आठवत न्हाई आई. फोटोतला आठवतो, तिचा न्हाई. मला तिचा फक्त वास आठवतो. मला तुझा तसा आठवायला नको."

बाईंनी फोन ठेवला आणि टाक हातात घेतला. घरातली दोन माणसं त्यांच्याकडं बघत होती, पण नजर दोघांचीही जरा वर, गळ्याशी थांबत होती. बाईंना उगीच वाटलं, की आपण एखाद्या खिडकीची काच आहोत. सगळे आपल्यातून आरपार दुसऱ्याच बाईला बघायलेत.

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी त्यांनी सर्वेशला फोन लावला. उपाशी किती वेळ राहायचं, गोळ्या कधी बंद करायच्या, असे दोन-चार प्रश्न विचारून झाले, आणि मग सहज म्हणाव्या तसं म्हणाल्या, "अरे, भर पितृपक्षात तारीख दिलीस? नवमीला?"

"मी कुठं दिली, काकू!" सर्वेश हसला. "या पंधरवड्यात माझं टेबल रिकामंच असतंय, कुणी येत न्हाई. मी म्हटलं घटस्थापनेनंतर ठेवू. सरच म्हणाले, नवमीलाच पाहिजे. मला वाटलं, तुमच्याकडं काही असेल."

"हाव," बाई म्हणाल्या. "आमच्याकडं आहे."

फोन ठेवून त्या बराच वेळ ओसरीवर बसल्या. आत वसंतराव पिशवीत टॉवेल, तांब्या, फाईल भरत होते. पन्नास वेळा भरून झालेली पिशवी पुन्हा उपसून भरत होते. बाईंना त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्हींचं वजन सारखंच निघालं.

म्हणजे हे ऑपरेशन प्रयागचं होतं. तेव्हा नाही म्हटलेलं, आता हो म्हणायचं होतं. तिच्या तिथीला, तिच्याच बाजूला. फक्त ती नव्हती, म्हणून तिची झेरॉक्स टेबलावर झोपवायची.

शनिवारी इंजेक्शनसाठी नांदेडला जायचं होतंच. वसंतराव बाहेर बिल भरायला गेले, वैष्णवी सोबत होती. बाईंनी डॉक्टरांना एकच विचारलं.

"हे फुटलं तर वास येईल का?"

डॉक्टर नाझनीननी टाळाटाळ केली नाही. "फुटलं आणि तसंच ठेवलं तर येतो. पण तसंच का ठेवायचं? गोळ्यांनी गाठ बसायची शक्यता चांगली आहे. नाही बसली, कातडी लाल झाली, पाणी सुटलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडं या. औषध आहे, ड्रेसिंग आहे, किरणांचा शेक आहे. आणि तेव्हा काढावं लागलं तर काढू. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काढू."

"मला," बाई म्हणाल्या.

"तुम्हालाच. आणखी कुणाला?"

बाईंनी वैष्णवीकडं बघितलं. वैष्णवी जमिनीकडं बघत होती. "ऐकलंस का?" बाई म्हणाल्या. "तिच्यापाशी कुणी असं म्हणणारं नव्हतं. माझ्यापाशी आहे. कातडी रोज सकाळी मी बघीन आणि तुला फोन करीन. तुला वाटलं मी लपवायलेय, तर ये आणि स्वतः बघ. भ्यायची असलीस तर माझ्यासाठी भी. तिचं भय माझ्या खात्यावर टाकू नको."

वैष्णवी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "सकाळी आठच्या आत फोन पाहिजे. न्हाईतर मी रजा टाकून येईन आणि तुझ्या डोक्यावर बसीन."

"बस की. लहानपणापासून बसलेलीच आहेस."

परतीच्या वाटेवर, लोहा मागं पडल्यावर, गाडी चहासाठी थांबली. ड्रायव्हर टपरीकडं गेला. चिंचेखाली प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर नवरा-बायको बसले. वसंतराव म्हणाले, "सोमवारी सकाळी सहाला निघावं लागेल."

"मी निघणार न्हाई."

चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला.

"सर्वेशनं सांगितलं मला," बाई म्हणाल्या. "तारीख तुमी मागितली."

"चंद्रा, मी तेव्हा..."

"नको." बाईंनी हात वर केला. "मला सांगू नका. माझं त्यात काही देणंघेणं न्हाई. जिला सांगायचं तिला सांगा." त्या मागं हात नेऊन दोऱ्याची गाठ सोडू लागल्या. स्कॅननंतर त्यांनीच बांधलेली, साधी होती, सुटली. "नवं लुगडं आलं की आधी तिला, मग मला. नथ केली, आधी तिला. तीस वर्षं मी तिचं उष्टं नेसले, आणि कधी तोंड वाकडं केलं न्हाई. पण हे तिचं राहिलेलं ऑपरेशन मी नेसणार न्हाई, सर. ते माझ्या मापाचं न्हाई."

त्यांनी टाक पुढं केला. वसंतरावांनी आधी कप खाली ठेवला, मग हात पुढं केला, आणि कुठं ठेवावा ते न कळून शर्टाच्या खिशात टाकला. डाव्या.

"आणि उद्या फुटलं तर?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"तर काढीन. तारीख मी मागीन. नवमी नसंल त्या दिवशी."

पुढच्या सगळ्या प्रवासात वसंतराव खिशावर हात ठेवून बसले होते. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. मधेच त्यांनी खिशाखाली खाजवलं. बाईंनी ते बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. त्यांचा गळा उघडा पडल्यासारखा गार लागत होता. हात सारखा तिथं जाई आणि काही न सापडता परत येई.

नवमीला सर्वेशचं टेबल रिकामं राहिलं. आक्का सकाळीच आली, पुरण शिजत होतं ते बघून म्हणाली, "दवाखान्यात न्हाई गेला व्हय तुमी? आणि सवाष्ण कोण सांगितलीय यंदा?"

"मी," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "अजून नवरा आहे मला, चालते की. स्वयंपाक तुमी दोघं बहीण-भाऊ उतरवा, वाढायचं सरांनी. पाट मागच्या खोलीत मांडा."

"तिथं? अगं..."

"तिथंच, आक्का. कोठ्या सरकवल्यात मी."

खोलीची खिडकी उघडली होती तरी आत दिवस जरा उशिराच शिरल्यासारखा वाटत होता. वसंतरावांनी नवी साडी आणली होती, हिरव्या काठाची. त्यांनी खिशातून टाक काढला. दोन दिवस तो तिथंच होता, रात्री बनियनच्या खिशात. साडीची घडी त्यांनी स्वतः त्याला टेकवली. हळद लावली, पण कुंकू टाकावरच्या बाईच्या कपाळाऐवजी सपाट छातीवर पडलं. ते पुसायला गेले, मग पुसलं नाही.

"नेस बाई," ते म्हणाले. आणि आणखी काहीतरी म्हणाले, जे बाईंना ऐकू आलं नाही. त्यांनी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. टाक पुन्हा खिशात गेला.

बाई पाटावर बसल्या. पोळी वाढली गेली, तूप पडलं. मान वाकवून त्यांनी पहिला घास घेतला, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या आधी घेतला. घास गोड होता. डाव्या बाजूला गाठ होती तशीच होती, जड, आपली. मणक्यात बारीक ठणका होता. सकाळी कातडी बघून झाली होती, वैष्णवीला फोन झाला होता.

दुसऱ्या घासाला वास आला. उदाचा, ओला, भिंतीतून निघाल्यासारखा. बाईंनी आक्काकडं बघितलं, आक्का निवांत भात वाढत होती. तिला कसलाच वास येत नव्हता.

वसंतराव मात्र वाढता वाढता थांबले. नाक वर करून त्यांनी एकदा हुंगलं, मग खिडकीपाशी गेले, बाहेर बघितलं, परत आले. तोंडावरचा रंग उडाला होता.

"चंद्रा," ते म्हणाले, "ऊद कुणी लावलाय?"

चंद्रप्रभाबाईंनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला, आणि त्यांच्या डाव्या खिशाकडं बघितलं.

"तिला विचारा," त्या म्हणाल्या. "आता तुमच्याकडं आहे ती."